काळ्या पट्ट्यामधली पांढरी रेघ

(खडकवासला इथे झालेल्या युवा शिबिरात एका कराटे प्रशिक्षिकेने केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला ‘माझा प्रवास’ हा विषय दिला आहे. बावीस वर्षं मी मुलींना कराटे शिकवते आहे, तेव्हा प्रवास म्हणाल तर झाला आहे. पण त्यातला निम्मा बसमध्ये उभ्याने झाला, त्यात तुम्हाला सांगण्यासारखं फार नाही. म्हणून थोडं माझं सांगेन आणि बरंचसं दुसऱ्या एका बाईचं सांगेन. तिच्याबद्दल वाचल्यावर माझ्या क्लासमध्ये दरवर्षी काय घडतं ते मला नीट दिसायला लागलं. तिचं नाव केइको फुकुदा. जपानची. ९९ वर्षं जगली आणि त्यातली पंचाहत्तर वर्षं शिकवत राहिली.

आधीच सांगते, ती कराटेची नव्हे, ज्युदोची. कराटेवाली बाई ज्युदोबद्दल का बोलते आहे, असं इथल्या कराटेवाल्या मुलांना वाटेल. त्याचं कारण आपल्या कमरेला आहे. कराटे आलं ओकिनावा बेटावरून. तिथले एक शाळामास्तर, गिचिन फुनाकोशी, यांनी १९२२ मध्ये ते टोकियोत दाखवलं. त्यांना आपल्या कोदोकान या संस्थेत बोलावून त्यांचं प्रात्यक्षिक बघणारा माणूस म्हणजे ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो. आपला पांढरा गणवेश आणि आपला पट्टा कराटेचा मुळातला नाही, ज्युदोकडून आलेला आहे. काळा पट्टा ही कल्पनाच कानोंची. तेव्हा पट्ट्याबद्दल बोलायचं तर त्या घरी जावंच लागतं.

जाता जाता फुनाकोशींच्या बायकोबद्दल. फुनाकोशींनी आपल्या आत्मचरित्रात लिहिलंय की ती दिवसभराच्या कामाने दमली की आडवी व्हायची नाही, कराटेचे काता करायची. काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने केलेल्या हालचाली. असं करत करत तिचा हात एखाद्या उस्तादासारखा बसला, असं ते स्वतः म्हणतात. शेजारी कुणाचं भांडण लागलं तर सोडवायलाही ती जायची. या बाईला कुणी पट्टा दिला नाही, कारण तेव्हा पट्टेच नव्हते. आजही कराटेच्या इतिहासात ती ‘फुनाकोशींची पत्नी’ एवढीच आहे. मी हे सांगते तेव्हा क्लासमधल्या आया हसतात. दमल्यावर काता करायला वेळ कुणाला आहे, म्हणतात. बरोबरच आहे.

आता फुकुदा. १२ एप्रिल १९१३ ला टोकियोत जन्म. तिचे आजोबा हाचिनोसुके फुकुदा जुजुत्सूचे गुरू होते आणि तरुणपणी कानो त्यांच्याकडे शिकले होते. आजोबा तिच्या जन्माच्या कितीतरी आधी वारले. वडीलही लहानपणीच गेले. ती वाढली ती त्या काळच्या चांगल्या घरातल्या मुलीसारखी: सुलेखन, फुलांची मांडणी, चहाचा विधी. कानो म्हातारे झाल्यावर त्यांनी आपल्या गुरूच्या नातीला निरोप पाठवला, की कोदोकानमध्ये बायकांचा विभाग आहे, तू ये. तो विभाग १९२६ मध्ये सुरू झाला होता. आईबरोबर ती बघायला गेली. मुली पाय फाकवून, घाम गाळत एकमेकींना जमिनीवर आपटताहेत हे दृश्य तिने पहिल्यांदाच बघितलं. काही महिन्यांनी तिने नाव घातलं. वय एकवीस-बावीस. उंची पाच फुटांहूनही कमी, वजन पंचेचाळीस किलोच्या आसपास. तिथे शिकणाऱ्या बायका मोजून दोन डझन.

घरात काय झालं ते ऐका. काकाने विरोध केला. आई आणि भाऊ मात्र तयार झाले. ते तयार झाले याचं एक कारण असं, की तिथे गेली तर कधीतरी एखाद्या ज्युदोवाल्याशीच लग्न जमेल. म्हणजे परवानगी मिळाली ती ज्युदोसाठी नाही, जावयासाठी. पुढे स्थळं आली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की लग्न केलं तर ज्युदो सोडावा लागेल. तिने लग्न केलं नाही. १९३७ मध्ये ती शिक्षिका झाली. कानो १९३८ मध्ये कैरोहून परत येताना बोटीवर वारले. मग युद्ध आलं, टोकियो जळलं. ती मात्र शिकवत राहिली.

कोदोकानमध्ये बायकांना काय शिकवायचे हेही समजून घ्या. स्पर्धा नाही. बायकांनी स्पर्धेत उतरायचं नाही हा नियम होता. त्यांच्यासाठी काता, त्यातही ‘जु नो काता’. यात जोडीदाराला तोल घालवेपर्यंत उचलायचं, पण आपटायचं नाही. साध्या कपड्यातही करता येतो. बघणाऱ्याला तो नाचासारखा वाटतो, पण करून बघा. समोरच्याचं वजन नेमकं कुठे आहे हे कळल्याशिवाय त्यातली एकही हालचाल जमत नाही. बायकांना सौम्य काहीतरी द्यायचं म्हणून दिलेल्या या कातात फुकुदा इतकी मुरली की जगात त्यावर तिचा शब्द अखेरचा मानला जाऊ लागला. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये ज्युदो पहिल्यांदा आला तेव्हा तो काता तिनेच करून दाखवला. दाखवायला बाई चालली. खेळायला नाही. बायकांच्या ज्युदोला ऑलिम्पिकमध्ये पदकं मिळायला १९९२ चं बार्सिलोना उजाडावं लागलं.

आणि पट्टा. कोदोकानमध्ये बाईला काळा पट्टा मिळायचा, पण त्याच्या मधोमध लांबीभर एक पांढरी रेघ असायची. पुरुषाचा पट्टा काळा तो काळा. बाईचा काळा, पण रेघेचा. आंतरराष्ट्रीय स्पर्धांमधून ही रेघ १९९९ मध्ये गेली. खुद्द जपानमध्ये त्यानंतरही बरीच वर्षं टिकली. मी पहिल्यांदा तो फोटो बघितला तेव्हा मला वाटलं शिवण उसवली आहे.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: काळा पट्टा मिळाला की शिक्षण संपत नाही, खरं तर तिथून सुरू होतं. काळ्या पट्ट्यानंतर दर्जे असतात, त्यांना डॅन म्हणतात, पहिल्यापासून दहाव्यापर्यंत. फुकुदाला पाचवा डॅन १९५३ मध्ये मिळाला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका क्लबने तिला बोलावलं आणि ती जवळजवळ दोन वर्षं तिथे शिकवून आली. १९६६ मध्ये पुन्हा गेली, ती कायमची. कॅलिफोर्नियातल्या मिल्स कॉलेजमध्ये तिला शिकवायचं काम मिळालं. शिवाय सॅन फ्रान्सिस्कोत तिने बायकांसाठी एक क्लास काढला, तो कुठे, तर एका शिष्येच्या घरातल्या बैठकीच्या खोलीत. हे लक्षात ठेवा, मी परत याच्यावर येणार आहे.

एवढी वर्षं शिकवते आहे, देशोदेशी शिकवते आहे, आणि दर्जा तोच, पाचवा. १९५३ पासून १९७२ पर्यंत, एकोणीस वर्षं. कारण पाचव्याच्या वर बाईला द्यायचा नाही, असा नियम होता. तिच्या हाताखाली शिकलेले पुरुष तिच्या पुढे गेले असतील. ती स्वतः यावर भांडली नाही. तिचा स्वभाव तसा नव्हता आणि वाढही तशी नव्हती. भांडल्या तिच्या शिष्या. त्यांच्यातली एक अमेरिकेतल्या स्त्रियांच्या हक्कांच्या चळवळीत होती. तिने आणि इतरांनी पत्रांची मोहीम काढली, कोदोकानला विचारलं, की हिच्यात कमी काय आहे? १९७२ मध्ये सहावा डॅन आला. कोदोकानने बाईला दिलेला पहिला. १९९४ मध्ये लाल पट्टा आला. तेव्हा ती ८१ वर्षांची होती. नववा डॅन कोदोकानने दिला २००६ मध्ये, वय ९२. दहावा डॅन अमेरिकेतल्या ज्युदो संघटनेने दिला २०११ मध्ये, वय ९८. कोदोकानने स्वतः आजपर्यंत कुठल्याही बाईला दहावा दिलेला नाही. ९ फेब्रुवारी २०१३ ला ती गेली. अखेरच्या काळातही ती आठवड्यातून तीनदा क्लासला यायची. खुर्चीत बसून सांगायची, अमुकचा खांदा वर जातोय, तमुकची मान वाकडी आहे.

आमच्या धंद्यात, म्हणजे कराटेत, आता उलटी गत आहे. दोन वर्षांत काळा पट्टा. परीक्षेची फी, सर्टिफिकेटची फी, पट्ट्याची फी, वर जेवणाचं कूपन. आठ वर्षांचं पोर ‘ब्लॅक बेल्ट’ म्हणून फ्लेक्सवर झळकतं आणि त्याला नीट उभं राहता येत नाही. फुकुदाला एक पायरी चढायला एकोणीस वर्षं लागली हा अन्याय होताच. पण त्या एकोणीस वर्षांत ती शिकवायची थांबली नाही, हे मला जास्त मोठं वाटतं. पट्टा कुणीतरी द्यावा लागतो, शिकवणं मात्र कुणी दिलं नाही तरी करता येतं.

आता तुम्ही म्हणाल, जपानचं झालं, अमेरिकेचं झालं, आपलं काय? आपल्याकडे तर याहून मोठी बाई होऊन गेली, आणि ती आपल्यातली होती. हमिदा बानू, पहिलवान. तिचं नाव किती जणांनी ऐकलंय? चार हात. २०२४ च्या ४ मेला गूगलने तिचं चित्र लावलं तेव्हा तुम्ही फोनवर बघितलं असेल. मिर्झापूरची, अलीगढमध्ये तयार झालेली, आणि कुस्ती पुरुषांशी. १९५४ मध्ये बडोद्याला तिने बाबा पहिलवानाला १ मिनिट ३४ सेकंदांत चीत केलं. पैज अशी, की जो मला हरवेल त्याच्याशी मी निकाह करीन. लग्नाची अट ती घालते आहे आणि घालते आहे ती आखाड्यात, हे मला फार आवडतं.

पण आपल्या महाराष्ट्रात तिच्याशी काय वागलो ते बघा. कोल्हापूर, म्हणजे कुस्तीची पंढरी. तिथे तिने एका पुरुष पहिलवानाला हरवल्यावर लोकांनी दगड मारले. पोलिसांना मध्ये पडावं लागलं. पुण्यात तिची रामचंद्र साळुंके यांच्याशी कुस्ती ठरली होती, ती कुस्तीच्या संघटनेने आक्षेप घेतल्यावर रद्द झाली. तिने मुख्यमंत्री मोरारजी देसाईंकडे तक्रार केली. उत्तर आलं की बाई म्हणून बंदी नाही, कुस्त्या भरवणारे खोटे पहिलवान उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून. आणि कुस्त्या खोट्या असतात, ठरवून केलेल्या असतात, हे तिच्याबद्दल तेव्हा सर्रास बोललं जायचं. खरं काय, ते आज कोण सांगणार. पण एवढं कळतं, की बाई जिंकली तर लोक आधी ती खोटं जिंकली का ते बघतात. पुरुषांच्याही ठरवलेल्या कुस्त्या व्हायच्या, पण त्यांना कुणी दगड मारत नव्हतं.

पुढे ती कल्याणला राहिली. दुधाचा धंदा केला. तिच्या नातवाने सांगितलेली हकिकत अशी आहे, की ती कुस्तीसाठी युरोपला जाणार होती तेव्हा तिच्या उस्तादानेच तिला रोखायला इतकं मारलं की तिचे हात मोडले. अखेरच्या दिवसांत ती रस्त्याकडेला खायचे पदार्थ विकायची. १९८६ मध्ये वारली.

फुकुदा आणि हमिदा, या दोघींचं मी एकत्र का सांगते आहे? ताकदीने हमिदा दहापट. १०८ किलोची बाई. पण हमिदाच्या मागे एकही मुलगी उभी राहिली नाही. तिचा आखाडा नव्हता, तिच्या शिष्या नव्हत्या. तिच्यावर अन्याय झाला तेव्हा पत्रं लिहायला कुणी नव्हतं. फुकुदाला पंचेचाळीस किलो वजनात जे मिळालं ते तिने तयार केलेल्या मुलींनी मिळवून दिलं. म्हणून एकटी शूर बाई या गोष्टीची मला हल्ली भीती वाटते. आपण तिचं पोस्टर लावतो आणि मोकळे होतो.

केरळात वडकऱ्याला मीनाक्षी अम्मा आहेत, कलरीपयट्टूच्या गुरू, २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सातव्या वर्षी सुरू केलं, नवराच गुरू, तो गेल्यावर कलरी त्यांनी चालवली. मुलांकडून फी घेत नाहीत, ज्याला जमेल त्याने गुरुदक्षिणा द्यावी. त्या भागात मुली वयात आल्या की कलरी सुटायची, यांची सुटली नाही. एवढाच फरक, आणि त्यावर सत्तर वर्षं उभी आहेत.

आता माझ्या क्लासवर येते, कारण ‘वयात आल्या की सुटतं’ हे वाक्य माझ्याकडे दर जूनला येतं.

मुली सात-आठ वर्षांच्या असताना येतात. आई हात धरून आणते. पहिल्या दोन वर्षांत त्या मुलांपेक्षा चांगल्या असतात. हे मी लाड म्हणून सांगत नाही, त्या ऐकतात आणि मुलं ऐकत नाहीत. मग बारा-तेरा. एक एक कमी होते. कारणं मला पाठ आहेत. शाळा बदलली. ट्यूशन लागली. संध्याकाळी उशीर होतो. अंग मुलासारखं कडक होईल. आणि मग जे मोठ्याने बोलत नाहीत ते. आई मला बाजूला घेते, दुपट्ट्याचं टोक तोंडाशी धरते आणि विचारते, ‘मॅडम, इतक्या उड्या मारते, उंच लाथा घालते, तिचं काही फाटणार तर नाही ना?’

या शिबिरात मुलगेही बसलेत, तरी मी हे मुद्दाम बोलते आहे. कारण या एका प्रश्नावर माझ्या क्लासमधल्या जितक्या मुली गेल्या तितक्या दुखापतीने गेल्या नाहीत. तो पडदा प्रत्येकीचा वेगळा असतो. काहींना जन्मतः नावापुरताच असतो. सायकलने, धावण्याने, कशानेही त्यात फरक पडू शकतो, आणि तो बघून कुठल्याही डॉक्टरला मुलीबद्दल काहीही सांगता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं की अशा तपासणीला वैद्यकशास्त्राचा काहीही आधार नाही, ती बंद करा. मी आईला हे सांगते. काही आयांना पटतं. ज्यांना पटतं त्याही म्हणतात, मला पटलं हो मॅडम, पण उद्या तिच्या सासूला कोण सांगणार? तर ती उद्याची सासू, तो उद्याचा नवरा, त्यांच्यातले काही आत्ता या हॉलमध्ये बसले आहेत. मी तुम्हालाच सांगते आहे.

माझ्या घरचं वेगळं नव्हतं. अम्मीने मांजरपाटाचं कापड आणून माझा पहिला गणवेश घरी मशीनवर शिवला. दोन धुण्यांत तो इतका आटला की मला कोपरापर्यंत बाह्या आल्या. अब्बांनी परवानगी दिली ती ‘दहावीपर्यंत’ अशी होती. दहावी झाल्यावर ती ‘लग्नापर्यंत’ झाली. लग्नाच्या वेळी मी नवऱ्याला एकच विचारलं, आठवड्यातून चार संध्याकाळी मी घरी नसेन, चालेल का? तो म्हणाला, चार कशाला, पाच कर, मीही तेवढा वेळ झोपीन. अशी माणसंही असतात. पण मला परवानगी अशी पायरी पायरीने मिळत गेली, आणि प्रत्येक पायरीवर ती नाकारलीही जाऊ शकली असती, हे फुकुदाचं वाचताना मला जाणवलं. माझ्याबरोबर सुरू करणाऱ्या मुलींपैकी दोघी माझ्याहून चांगल्या होत्या. एक आज भेटली की म्हणते, तुझी किक अजून डावीकडे पडते. बरोबर ओळखते.

हिजाबचा प्रश्न तुम्ही विचारणारच, म्हणून आधीच बोलते. माझ्या क्लासमध्ये स्कार्फ बांधणाऱ्या मुली आहेत, न बांधणाऱ्या आहेत. दोघींना मी सारख्याच पन्नास लाथा मारायला लावते. जागतिक कराटे महासंघाने २०१३ मध्ये ठराविक पद्धतीचा, सुटणार नाही असा हिजाब स्पर्धेत मान्य केला. कराटे ऑलिम्पिकमध्ये एकदाच आलं, टोकियोत, २०२१ मध्ये. तिथे इजिप्तच्या फेरियाल अब्देलअझीझने हिजाब घालून सुवर्णपदक घेतलं. इजिप्तच्या बाईने ऑलिम्पिकमध्ये मिळवलेलं पहिलं सुवर्ण. त्याआधी २०१२ मध्ये लंडनला सौदीची वोजदान शहरकानी ज्युदोत उतरली होती. तिचा हिजाब चालेल की नाही यावर आधी वाद झाला, मग मार्ग निघाला. सोळा वर्षांची, निळ्या पट्ट्याची मुलगी, समोर काळा पट्टा, आणि ८२ सेकंदांत हरली. तिला घरच्या बाजूने शिव्या, बाहेरच्या बाजूने टोमणे. बाजूला उभा होता तिचा बाप, जो स्वतः ज्युदोचा पंच आहे. तिला शिकवणाराही तोच. मला त्या ८२ सेकंदांत हरलेल्या मुलीबद्दल फेरियालइतकाच आदर आहे. कपड्यावरून मुलीला बाहेर ठेवायचं काम घालायला लावणारेही करतात आणि काढायला लावणारेही. मी म्हणते, तिला आधी मॅटवर येऊ द्या.

आणखी एक. मार्च महिना आला की मला फोन येतात. महिला दिन आहे, एका दिवसाचं स्वसंरक्षण शिबिर घ्याल का, दोन तास, फोटोसाठी पंचवीस मुली हव्यात. मी पूर्वी जायची, आता जात नाही. दोन तासांत कुणी काही शिकत नाही, फक्त शिकल्यासारखं वाटतं, आणि ते जास्त घातक. शिवाय ही शिबिरं शिकवतात काय, तर अंधाऱ्या गल्लीतला अनोळखी माणूस. दरवर्षीचे सरकारी आकडे सांगतात की अत्याचार करणारा बहुतेक वेळा ओळखीतला असतो. चुलत, मावस, शेजारचा, शिकवणारा. त्याच्या डोळ्यात बोट घालायला बारा वर्षांची मुलगी तयार होत नाही, कारण तिला त्याला सलाम करायला शिकवलेलं असतं.

मग कराटे तिला काय देतं? आवाज. कराटेत प्रत्येक जोरदार फटक्याबरोबर पोटातून ओरडायचं असतं, त्याला किआय म्हणतात. नवीन मुलगी आली की तिचा किआय निघतच नाही. हात-पाय दोन महिन्यांत जमतात, आवाजाला सहा महिने लागतात. ओठ हलतात, मग हसू येतं, मग इकडेतिकडे बघते, कुणी ऐकलं का. घरी हळू बोल, हळू हस, हळू चाल असं ऐकून आलेली असते. मुलग्यांना मला गप्प करावं लागतं. एक दिवस अचानक तो आवाज निघतो. त्यानंतर ती मुलगी बदलते. ती बसमध्ये ‘दादा, जरा मागे सरका’ म्हणते, घरी ‘मला तो काका आवडत नाही’ म्हणते. ही दुसरी गोष्ट माझ्या बावीस वर्षांत तीनदा झाली आहे, तिन्ही वेळा घरच्यांनी ऐकलं आहे. हे मी कुठल्याही पदकापेक्षा वर ठेवते.

आपण बसलोय तिथून एनडीए फार लांब नाही. मी या रस्त्याने येऊ लागले तेव्हा त्या गेटच्या आत फक्त मुलगे शिकायचे. २०२१ मध्ये एका याचिकेवर सुप्रीम कोर्टाने सांगितलं, मुलींना परीक्षेला बसू द्या. २०२२ मध्ये पहिल्या मुली आल्या, आणि ३० मे २०२५ ला खेत्रपाल परेड ग्राउंडवरून १७ जणी पास होऊन बाहेर पडल्या. तीन वर्षांपूर्वी त्या मुलींना हे जमणार नाही असं सांगणारे तज्ज्ञ मी याच चौपाटीवर, कणीस खाताना ऐकले आहेत. हेही कुणीतरी अर्ज केला, भांडलं म्हणून झालं. पत्रं लिहिणाऱ्या त्या शिष्यांची आठवण मला त्या गेटवरून जाताना येते.

आता ती बैठकीची खोली. काल संध्याकाळी तुमच्यातल्या एका मुलीने मला विचारलं, आमच्या मोहल्ल्यात बायकांसाठी काहीच नाही, हॉल मिळत नाही, काय करायचं? जगातली सगळ्यात वरच्या दर्जाची ज्युदो शिक्षिका कुणाच्या तरी दिवाणखान्यात सतरंजी सरकवून शिकवत होती. सहा मुली, एक खोली, आठवड्यातून दोन संध्याकाळ. शादीखाना दुपारी रिकामाच असतो, मागून बघा. शिकवायला बाई नसेल तर मला सांगा, माझ्या मोठ्या मुलींपैकी दोघी तयार आहेत; पहिले सहा महिने मी फी घेणार नाही, बसभाडं तेवढं द्या. आणि मुलग्यांनो, तुमच्यासाठी काम असं आहे: बहिणीला क्लासला सोडायचं आणि परत आणायचं. आत बसून बघायचं नाही, बाहेर थांबायचं. माझ्याकडे एक मुलगी सलग नऊ वर्षं टिकली, तिचा भाऊ नऊ वर्षं बाहेर पायरीवर अभ्यास करत बसायचा. तो सीए झाला.

चहाला अजून वीस मिनिटं आहेत असं संयोजक खुणावताहेत. मग चपला काढा, मोबाइल खिशातून बाहेर ठेवा आणि उभे राहा. मागच्या रांगेतल्यांनीही. दोन्ही हात पसरून बघा, शेजारच्याला लागता कामा नये. डावा पाय पुढे, गुडघा वाकलेला, मागचा पाय ताठ. तुम्ही, निळा दुपट्टा, कमरेला बांधा तो. आता मी तीन म्हणेन तेव्हा उजवी मूठ पुढे आणि आवाज पोटातून. इची, नी, सान!

ऐकू आलं नाही. परत.